गाडी खाली बसव

एफ्राईन,

बीन्स गॅसवर आहेत, टॉर्टिया फडक्यात गुंडाळून ठेवल्यात. नीट बसून खा, उभ्या-उभ्या गिळू नकोस. मी कामावर चालले.

डेन्व्हरच्या नोकरीवरून आपलं वाजलं, तेव्हापासून रात्री आलास की तू तुझी ती मस्टँग गाडी उंचच ठेवून लावतोस. मला कळत नाही होय रे? गाडी खाली बसवायला चाकांजवळच्या रबरी फुग्यांतली हवा सोडली की फुस्स आवाज होतो, आई उठून बाहेर येते, म्हणून ना? अरे, जागी तर मी असतेच. फुस्स झालं, गाडी पोट टेकून बसली, की मगच माझा डोळा लागतो.

जायचं असेल तर जा बाबा. पण आहेस तोवर गाडी खाली बसवूनच घरात येत जा. मी खोलीबाहेर येणार नाही, नुसतं ऐकेन.

आई