तळ्यावरची तालीम

प्रिय आत्या,

तुला आणि काकांना वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? आमच्याकडे सगळं खुशाल, फक्त माझं ट्रम्पेट बेघर झालं आहे.

तुला ठाऊकच आहे, दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करणारा तुझा हा भाचा संध्याकाळी दुकानदारांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. (आमचे बँडमास्तर त्याला ‘फुंकतो’ म्हणतात. ते दातांचे डॉक्टर आहेत, ओरडण्यातलं त्यांना चांगलं कळतं.) महिनाअखेरीला बागेत कार्यक्रम आहे आणि त्यात एक तुकडा मी एकट्याने वाजवायचा आहे. पण पुढच्या तालमीत सूर घसरला, तर तो तुकडा बेकरीवाल्याला देणार, असं मास्तरांनी सगळ्यांदेखत बजावलंय. आत्या, बेकरीवाल्याला! नुसत्या कल्पनेने माझ्या घशाखाली पाव उतरत नाही. बरं, सराव करावा तर कुठे? घरात ट्रम्पेट तोंडाला लावलं की बायको कानांत कापूस घालते आणि वरचे वकील फरशीवर काठी आपटतात. तीही बेताल.

म्हणून परवा सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं डबा, सतरंजी आणि ट्रम्पेट घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर गेलो. काय जागा आहे म्हणून सांगू! ना वकील, ना काठी. मी छाती भरून पहिला सूर काढला मात्र, समोरच्या खडीतून एक टिटवी अशी कोकलत उठली, की ही बेकरीवाल्यानेच पाठवली असावी असं मला वाटलं. पाहतो तर तिथे उघड्यावर तिची अंडी, खड्यांसारखीच ठिपकेदार. तेवढ्यात एक कावळा टुणटुण उड्या मारत तिकडे निघालेला. बायको म्हणाली, “अहो, ते ठेवा खाली आणि मागे व्हा आधी!” आम्ही सतरंजी ओढत पार लांबच्या झाडाखाली गेलो. टिटवीने कावळ्याला पळवून लावलं आणि पुन्हा अंड्यांवर बसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मग दिवसभर आम्ही कुजबुजत बोललो. (लग्नानंतर बायको माझ्याशी इतक्या हळू आवाजात प्रथमच बोलली. मला फार आवडलं.) दुपारी काही तरुण मंडळी मोठा स्पीकर घेऊन आली. मीच जाऊन हात जोडले, अंडी लांबूनच दाखवली, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच गाणी बंद केली. विचार कर, गोंगाट बंद करा म्हणून मी दुसऱ्याला सांगतोय! निघताना संत्र्याची सालंसुद्धा वेचून घरी आणली. आत्या, खरं सांगतो, स्वतःच्या वाजवण्यानेही मला इतका आनंद कधी झाला नव्हता. (इतरांना तर नव्हताच.) आता पिल्लं उडेपर्यंत तळ्यावर ट्रम्पेट न्यायचं नाही, हे पक्कं.

काळजी घे, काकांना जप.

तुझा लाडका,
घड्याळवाला

ता. क. तुमची माडीवरची खोली रिकामीच असते ना? तालमीपर्यंत मिळाली, तर बेकरीवाल्याचं तोंड बंद होईल.

ता. क. दुसरा. पक्ष्यांना त्रास देऊ नये, हे मला पटलं आहे. नातेवाइकांबद्दल अजून कोणी काही बोललेलं नाही.

ता. क. तिसरा. उत्तर लिहायची तसदी घेऊ नकोस. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, दाराखालून मीच सरकवलंय. तुमच्या अंगणातली सगळी झाडं नीट पाहिली, एकावरही घरटं नाही. कडी काढ, नाहीतर इथेच सुरू करतो.