मालूच्या नावाचा मासा

४ मार्च १९७३
अखेर बिऱ्हाड लागलं! सोलापुरातली कोंदट खोली सुटली आणि भीमेच्या काठी अख्खा क्वार्टर मिळाला. हे इथे पंप ऑपरेटर. शहरातल्या वीजघराचं पाणी इथूनच ओढलं जातं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नदी दिसते. पंपाची घरघर दिवसभर असते, पण मालू तिच्यातच छान झोपते. दहा महिन्यांची झाली, उभं राहायला बघते.
जवळच्या वाडीतली निंगव्वा दूध घालून गेली. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलते. तिच्याकडे बाळाला कूस म्हणतात. 'कूस लई गोड हाय की, अक्का,' म्हणाली.

१३ मार्च
पंपाच्या वरच्या अंगाला साती आसरांचा, जलदेवतांचा डोह आहे. तिथले मासे कुणी धरत नाही. निंगव्वा सांगत होती, वाडीतलं पोर फार आजारी पडलं की त्याच्या नावाने एक मासा निवडून, शेपटीत चांदीची कडी घालून परत सोडतात. त्यो जितोय तवर पोराला काय हुत न्हाय, म्हणे. हे हसले. मीही हसले.
पंपाच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे. पंपावरचा गडी गुरप्पा तिच्यावरचा पालापाचोळा ओढून काढतो. मासा सापडला तर डोहात सोडून येतो.

२९ मार्च
मालूचा ताप उतरेना. सोलापूरच्या डॉक्टरांची दोन औषधं झाली. काल तिने डोळे फिरवले. निंगव्वाने न विचारता मालूच्या पायातला वाळा काढून घेतला, सोनाराकडून त्याची कडी करून आणली आणि मासा सोडला. मी अडवलं नाही.
आज मालू उठून बसली. भात खाल्ला. यांना काही सांगितलेलं नाही.

१४ एप्रिल
पाऊस नाही, नदी आटली. उरलंय ते डोहातच, आणि पंप तेच ओढतोय. मासे पाण्याबरोबर येऊन जाळीला चिकटतात. गुरप्पा पाट्या भरभरून काढतो, बहुतेक मेलेले.
सकाळी एकाच्या शेपटीत कडी निघाली. वाडीतल्या शिवलिंगप्पाच्या नातवाची. गुरप्पा सांगायला गेला, तर अंगणात माणसं जमलेली. मुलगा चांगला खेळत होता. एकदम पडला. श्वास घ्यायला तोंड उघडत होता, मिटत होता—

१५ एप्रिल
यांना सगळं सांगितलं. हसले नाहीत. वीजघराला फोन केला, थोडा वेळ पंप थांबवू का विचारलं. माशांसाठी शहर अंधारात घालू का, असं तिकडून उलट विचारलं म्हणे. शहरात इस्पितळ आहे, तिथेही पोरं आहेत. खरंच आहे.
मग माझी?

१८ एप्रिल
आणखी दोन कड्या. वाडीतून दोनदा रडणं ऐकू आलं.
निंगव्वा दूध घालायला येत नाही.

१९ एप्रिल
सापडला. गुरप्पा धोतराच्या ओल्या सोग्यात गुंडाळून धावत घेऊन आला. जिवंत आहे. कडी मालूचीच, वाळ्यावरची नक्षी ओळखली मी.
डोहात सोडावा तर पंप पुन्हा ओढणार. दुसरीकडे पाणी नाही. तांब्याच्या हंड्यात ठेवलाय.

२० एप्रिल
पाणी तासातासाला बदलते. तरी कोमट होतं. मासा वर येऊन तोंड उघडतो.
मालू दूध घेत नाही. ओलं फडकं कपाळावर ठेवलं तर शांत राहते. काढलं की—

२१ एप्रिल, दुपार
मासा कलंडला. हाताने सरळ धरला की राहतो. सोडला की पुन्हा—
हे फोनवर ओरडत होते. मग फोन टाकून पंपघराकडे पळाले. नोकरी जाईल. जाऊ दे.

घरघर थांबली. थांबवला यांनी!
डोहाकडे न्यायला हवा, आत्ताच. गुरप्पाला हाका मारल्या, कुणी नाही. पाण्याबाहेर तो आता तग धरणार नाही, कळशीत मावत नाही. हंडा जड आहे, दोन्ही हात लागतात. मालूला खाली ठेवलं की निळी पडते. कडेवर घेतलं तर हंडा उचलवत नाही. दारापर्यंत नेऊन पाहिलं. परत आले. एका हाताने मासा धरलाय, मांडीवर ती, म्हणून अक्षर असं. हे येईपर्यंत— नाही, तेवढा वेळ नाही. उठते. आधी हंडा. नाही, आधी मा