खळ घातलेली चादर

आई,
तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतेय.

तुझ्या जुन्या चादरीवर मी चित्र काढलं. चार लोकांत जायची म्हणून तू तिला खळ घालून पाठवलीस ना? खळीवर रंग धरला नाही. सकाळी पोपडे निघाले. प्रदर्शन उद्या आहे.

व्यवस्थापक म्हणाले, "बाई, चिंध्या पुरे. पाचपर्यंत नवा कॅनव्हास टांगा, नाहीतर भिंत दुसऱ्याला."

मी म्हटलं, "हिने आम्हा चौघा भावंडांची झोप पेलली, एक चित्र पेलणार नाही?"

चादर खरवडून धुतली. ती वाळेपर्यंत तुला लिहितेय. तू मनाला लावून घेऊ नकोस. बाबांचा खोकला कसा आहे?

दोन वाजले, काठ अजून ओले आहेत. मधल्या कोरड्या भागावर मी रंग लावायला घेतेय.

तुझी हट्टी धाकटी