वर्ज्य म

गुरुवार, मुलुंड

उजवा हात अजून ठणकतोय. अक्षर बघ कसं आलंय.

सईच्या गाण्याच्या क्लासला आज लवकर पोचले. भूप चालू होता. सा रे ग प ध, बस्स. म आणि नी घ्यायचेच नाहीत. पण नऊ वर्षांची पोर ती, ग वरून प वर उडी मारताना मधल्या म वर पाय पडतोच तिचा. पडला. सरांनी फूटपट्टी उचलली आणि सटकन मनगटावर हाणली. "वर्ज्य म्हणजे वर्ज्य!"

वळ उठला. जुन्या वळाच्या शेजारीच. म्हणजे हे नेहमीचंच? आणि मला कार्टी "बांगडी रुतली" सांगत होती?

मी फूटपट्टी हिसकावली. सर म्हणाले, "अहो ताई, जरा खालच्या पट्टीत बोला." तिथे माझं डोकंच फिरलं. त्यांच्या पेटीच्या म वर हाणत सुटले, फूटपट्टी तुटेपर्यंत, म आत जाऊन बसेपर्यंत.

वाईट वाटायला हवं ना? नाही वाटत. तो वळच दिसतोय.

घरी बर्फ लावताना सई हळूच म्हणाली, "आई, आता सरांच्या पेटीलापण म वर्ज्य."