सुक्या बोंबलाच्या डब्यातला कॅमेरा

बाबा, तुमचा कॅमेरा मी परदेशी नेते आहे. विचारत नाही, सांगते.

सकाळपासून पलंगावर सगळं मांडून बसलेय. वरून डोकावून बघायचा तो दोन डोळ्यांचा जड कॅमेरा, छत्तीस फोटोंचा छोटा, फ्लॅश, लाकडी स्टँड, पिवळी काच, कातड्याची पेटी. तुमचा नातू दारातून डोकावतो नि म्हणतो, "आई, तिकडे सामान तोलून घेतात. डहाणूचा मासळीबाजार नाही तो, वर दोन टाकून द्यायला." मी म्हटलं, "ते तीन स्वेटर काढ, जागा होईल." "थंडीने मरशील." "मरेन तर फोटो काढून मरेन. तू तुझं काम बघ." साठी कधीच उलटली, तरी या घरात मला कुणीतरी हे घे, ते ठेव सांगायला असतंच. आधी तुम्ही होतात, मग नवरा, आता हा.

तुमची पणती नॉर्वेला शिकते. समुद्राकाठचं गाव आहे, आपल्यासारखंच, फक्त नारळाच्या जागी बर्फ. मागे तिने फोनवर व्हिडिओ लावला आणि म्हणाली, "आजी, ओळख बघू हे काय!" बघते तर वलांड्या! आपण बांबू रोवून, दोऱ्या ताणून बोंबील सुकवायला घालतो, तशाच. लाकडाच्या, पार छपराएवढ्या उंच, आणि त्यांवर हातभर लांब मासे वाळत घातलेले. आपण बोंबलाचे जबडे एकमेकांत अडकवतो, ते मुंडकी उडवून शेपट्या बांधतात. बाकी काही फरक नाही. पोरगी म्हणते, "वास कसला मारतो गं आजी." मी म्हटलं, "वासाला नाक मुरडू नकोस, त्याच वासावर तुझा बाप शिकला." तिने तिकीट धाडलं. म्हणाली, फोटो फोनवर काढू. मी म्हटलं, फोनवर तू काढ. त्या वलांड्या मी माझ्या बापाच्या कॅमेऱ्यावर काढणार.

तुम्हाला आठवतं ना, हा कॅमेरा मी कशात ठेवला होता? मी चौथीत होते. तुम्ही होडी सोडून फोटोचा धंदा धरलात त्याला तीनेक वर्षं झाली असतील. पावसाळा आहे, भिंतींना पाणी सुटलंय, मीठ वितळतंय, चपलांवर पांढरी बुरशी. तुम्ही रोज काच पुसता आणि आईला म्हणता, "ओल लागली तर काचेत बुरशी धरेल, मग धंदा बसला." मी ऐकते. घरात कोरडी जागा एकच, पावसाळ्याच्या बेगमीचा पत्र्याचा डबा. झाकण इतकं घट्ट की आई गुडघ्यात धरून उघडायची. मी बोंबील एका बाजूला सारले, कॅमेरा पेटीसकट आत ठेवला आणि झाकणावर बसून ते दाबलं. तुम्ही विचारलंत तेव्हा छाती पुढे काढून सांगितलं. तुम्ही हसलात. हो, हसलात! "डोकं आहे पोरीला," असं आईला म्हणालात. पुढचं झालं म्हणून ते विसरलात.

पाऊस सरला आणि गावातल्या गुजराती व्यापाऱ्याकडचं लग्न मिळालं. तोवर तुम्ही गंजाड, रानशेतची लग्नं नि तलासरीच्या शाळेतल्या पोरांचे फोटो करत होतात. हे पहिलं मोठं घर. फोटोत नवरीच्या हातात द्यायची फुलं धरायला मला बरोबर नेलंत. मांडवात पेटी उघडलीत, नवरीजवळ गेलात, तशी तिच्या आजीने पदर नाकाला लावला. "अरे, आ शेनी वास आवे छे?" एकेक करून सगळ्यांनी नाकं धरली. कांदासुद्धा न खाणारं घर ते, आणि माझा बाप गळ्यात बोंबील घालून उभा. तुम्हाला ओट्यावर जाऊन उभं राहायला सांगितलं. ओट्यावरून नवरीचा फोटो काय निघणार? दुसरा फोटोवाला आला आणि आपण फुलं परत घेऊन घरी आलो.

घरी येऊन तुम्ही कॅमेरा चार वेळा पुसलात. मग माझ्याकडे वळलात. "पोरीच्या जातीने कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. आजपासून." मी विचारलं, "पण बाबा, बुरशी धरली का?" त्यावर कानाखाली बसली. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "खरं बोलली, म्हणून मारलंत." तुम्ही पाचव्यांदा फडकं उचललंत. त्यांच्या ओट्यावर मात्र तुम्ही काही बोलला नव्हतात. राग त्यांचा आणि गाल माझा, हा कुठला हिशेब?

त्यानंतर मी फक्त फोटो धुतले. दोरीवर चिमट्याने लावून सुकवले, वलांडीवर लावावेत तसे. शाळा त्याच वर्षी सुटली, आई मासळीची पाटी घेऊन बाजारात जायला लागली आणि धाकटा भाऊ माझ्या कमरेवर आला. तो मोठा झाल्यावर तुम्ही त्याला शिकवत बसायचात. ढग उठून दिसायला पिवळी काच लावायची, ऊन कडक असलं तर काय करायचं, सावलीत काय. तो जांभया द्यायचा. मी भांडी घासता घासता ऐकायचे. तुम्ही गेल्यावर कॅमेरा त्याच्याकडे गेला आणि वसईला घर बदलताना मला फोन आला, "ताई, भंगारात देऊ का?" मी जीप करून गेले आणि सगळं घेऊन आले. ठेवलं कुठे, ते सांगायला नको.

दिवाळीत पणती आली होती. तिने कॅमेरा मुंबईला दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो माणूस काच उजेडाला धरून बघतच राहिला. किनाऱ्यावरचा एवढा जुना कॅमेरा आणि बुरशीचा ठिपका नाही, ठेवला कुठे होता? पोरगी म्हणाली, "बोंबलात." ऐकलंत? ठिपका नाही. व्यापारी गेला, धंदा गेला, तुम्ही गेलात. काच राहिली.

तर आता काय नेते ते ऐका. छोटा नाही. छत्तीस फोटो म्हणजे माणूस बघतच नाही, दाबत सुटतो. दोन डोळ्यांचाच नेते. बाईने मान खाली घालावी, असं तुम्ही म्हणायचात ना? घ्या, या कॅमेऱ्यात मान खाली घातल्याशिवाय काही दिसतच नाही. फ्लॅश नाही, तिकडे रात्रीही उजेड राहायला लागलाय म्हणे. स्टँड नाही. आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन चाललेय, मला स्थिर उभं राहता येतं. पिवळी काच घेतली. बारा फोटोंचे रोल पोरगीने पाठवलेत, ते पारदर्शक पिशवीत हातात धरायचे, कारण विमानतळावरच्या यंत्रातून गेले तर खराब होतात. "हँड चेक प्लीज" एवढं इंग्रजी पाठ केलंय. नाही ऐकलं तर मराठीत ऐकवीन.

राहिली पेटी. तुमच्या नातवाने फोमची नवी बॅग आणलीय, वास नसलेली. ती मी परत केली. तुमच्या कातड्याच्या पेटीला अजून वास येतो, उघडली की पहिल्यांदा बोंबील येतात, मग कॅमेरा. ती पेटी गळ्यात घालून मी विमानात बसणार आहे. शेजारच्याने नाक धरलं तर धरू दे. उठून ओट्यावर जायला तिथे ओटा नसतो. आणि ज्या गावाला निघालेय, तिथे अख्ख्या गावालाच तो वास आहे. तिथे तुम्हाला कुणी बाहेर उभं केलं नसतं, बाबा.

हा कागद कुठे टाकू? माझी जोडाक्षरं तुम्हाला तेव्हाही लागत नव्हती. डब्याच्या तळाशी घालते, बोंबलांखाली. तेवढीच ओल शोषून घेईल.

एक सांगते नि संपवते. दुरुस्तीनंतर पोरगीने तो चालवून बघितला, मी नाही. आज सकाळी, रोल न घालताच, एकदा दाबून बघायचं ठरवलं. तुमचा नातू तेव्हा बाहेर गेला होता, घरात कुणी नव्हतं. मान खाली घातली, खिडकीतला माड काचेत उलट्या बाजूला दिसला, बोट खटक्यावर ठेवलं. आणि दाबायच्या आधी मी दाराकडे बघितलं.

मग दाबलं.