क्रूझ ऐंशीवर टिकत नाही

सोमवार, ३ मार्च

गाडीचं क्रूझ कंट्रोल बंद पडलंय. 'बिघडलं' हा शब्द मुद्दाम टाळतोय. वस्तू आपोआप बिघडत नाहीत. एकतीस वर्षं गोदामात स्टॉक तपासलाय, एवढं कळतं.

आज हायवेवर ऐंशीचा स्पीड घेतला. सेटचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. अर्धं मिनिट गाडी आपली आपण पळाली, मग दिवा विझला. सहा वेळा करून पाहिलं. सहाही वेळा तेच.

गाडी सतरा वर्षांची, ऑटोमॅटिक. तीन वर्षांपूर्वी एका दातांच्या डॉक्टरकडून घेतली. क्रूझ आजवर कधी वापरलं नव्हतं, पण तोवर ते अगदी व्यवस्थित चालत होतं.

आताच निकड का, तर लेकीची तारीख पंचवीस. पहिलं बाळंतपण. तिचं गाव साडेतीनशे किलोमीटर. तुझ्या आईला मी स्वतः घेऊन येतो, असा तिला शब्द दिलाय. उजवा गुडघा तासाभरात बोंब मारतो, हे घरात कुणाला ठाऊक नाही. क्रूझ चाललं तर कळायचंही कारण नाही.

संकल्प : चार दिवसांत स्वतः दुरुस्त करणे. गॅरेजवाल्याकडे जायचं नाही. मागच्या खेपेला गाडी परत देताना तो हसला होता.

बुधवार, ५ मार्च

मॅन्युअल वाचलं. म्हणजे अनुक्रमणिका. सगळे फ्यूज काढून, पुसून, परत लावले. एकही उडालेला नाही. हे संशयास्पद आहे.

दुपारपासून हॉर्न वाजत नाही. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. दोन फ्यूज उरले आहेत. कंपनीनेच जास्तीचे दिले असणार.

शनिवार, ८ मार्च

मेहुणा आला होता. म्हणजे हिचा धाकटा भाऊ. नवी गाडी घेतल्यापासून वारंवार येतो. मी काही विचारलं नसताना म्हणाला, "भाऊजी, ब्रेकचा स्विच बघा. ब्रेक दाबलाय असं गाडीला वाटलं की क्रूझ सुटतं."

इतकं नेमकं कसं ठाऊक? जानेवारीत गाडी दोन दिवस याच्याकडे होती. मालाची पेटी कुठून फुटली हे जो न विचारता सांगतो, त्याचेच खिसे आधी तपासावेत.

वर म्हणाला, "नाहीतर मीच सोडतो ना तुम्हां दोघांना." आलं लक्षात. लेकीच्या दारात माझ्या आधी हा उतरणार, नव्या गाडीतून. हिला तर कल्पना पसंत पडलेली दिसली. शिरा दुसऱ्यांदा वाढला त्याला.

रविवार, ९ मार्च

तरीही ब्रेकचा स्विच पाहिला. त्याने सांगितलं म्हणून नव्हे. माझ्या यादीत तो होताच, फक्त लिहिला नव्हता.

स्विच पेडलच्या वर, डॅशबोर्डच्या पोटात असतो. सीटवर पाय वर आणि डोकं खाली करून शिरलो. शिरणं सोपं आहे. ही कपडे वाळत घालायला बाहेर आली तेव्हा पाय धरून ओढलं. "पोलिसांना बोलवू की डॉक्टरांना?" असं विचारलं. मी उत्तर दिलं नाही. तोंडात स्क्रू होता.

स्विच थोडा फिरवून घट्ट केला. आता नक्की चालणार.

सोमवार, १० मार्च

शेजारी सकाळी सांगत आला, की तुमच्या गाडीचे मागचे लाल दिवे कालपासून जळतायत. कालपासून दिसत होते तर काल का नाही सांगितलं? बॅटरी पूर्ण उतरलीय. याच्यावरही लक्ष ठेवायला हवं.

मंगळवार, ११ मार्च

बॅटरी चार्ज करून नाइलाजाने गॅरेज. मात्र आधी हिची नेलपॉलिश घेऊन बॉनेटखालच्या एकोणीस भागांवर ठिपके दिले. एकही भाग बदलला तर कळेल.

गॅरेजवाल्याने नवा स्विच टाकला. उरलेले फ्यूज मागून जागेवर लावले, तर हॉर्नही वाजला. बॉनेट उघडून बराच वेळ ठिपक्यांकडे पाहत राहिला, काही बोलला नाही. अपराधी माणसं अशीच गप्प होतात.

मग मला शेजारी बसवून हायवेवर गेला. ऐंशीवर सेट केलं. बारा किलोमीटर दिवा जळत राहिला. "चालतंय की हो साहेब."

घरी येताना मी चालवली. त्याला गॅरेजमध्येच ठेवलं. पहिल्याच पुलावर दिवा विझला.

निष्कर्ष सरळ आहे. त्याने अशी काही व्यवस्था केलीय की क्रूझ फक्त त्याच्या हातात चालावं आणि मी सारखं जात राहावं. कशी केलीय, ते शोधायचं.

शुक्रवार, १४ मार्च

मोबाईलच्या लहरी असाव्यात, असा विचार आला. हिला मागे बसवून फोन बंद करायला लावला. ती लेकीशी बोलत होती. चौथ्या मिनिटाला क्रूझ सुटलंच. हातातलं घड्याळही काढायला लावलं. तेव्हा म्हणाली, "अहो, मी एकदा चालवून बघू का?"

हिला लायसन्स आहे. रोज स्कूटरवर प्रयोगशाळेत कामाला जाते, गाडीही चालवते, चांगली चालवते असं लोक म्हणतात. पण सध्या यंत्रणा नाजूक अवस्थेत आहे. नवख्या हातात देणं बरं नव्हे. तसं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत बसली. लेकीला नंतर फोन केला नाही. रागावली असेल तर रागावू दे, तपासात नाती आणायची नसतात.

गुडघ्याला बर्फ लावला, न्हाणीघरात, दार लावून.

सोमवार, १७ मार्च

जबरदस्त कल्पना. ब्रेकचं पेडल कुणीतरी आतून ओढतंय. तार असेल, स्प्रिंग असेल. जुना मोबाईल पेडलांसमोर चिकटपट्टीने लावला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि हायवेवर गेलो. क्रूझ सुटलं. मनात म्हटलं, सापडलास.

संकल्प : व्हिडिओ गॅरेजवाल्याला आणि मेहुण्याला एकत्र बसवून दाखवणे. चहा नंतर.

मंगळवार, १८ मार्च

व्हिडिओ नऊ वेळा पाहिला.

पुरावा स्पष्ट आहे. क्रूझ सेट केल्यापासून पंचविसाव्या सेकंदाला एक डावा बूट येतो आणि ब्रेकच्या पेडलवर टेकून बसतो. हलका, अगदी आरामात. तेवढ्याने दिवा विझतो.

बूट माझ्यासारखा आहे. मोजाही.

तीस वर्षं क्लचची गाडी चालवलेला पाय आहे हा. ऑटोमॅटिकमध्ये त्याला काम ठेवलं नाही, मग तो शोधणारच. चूक गाडी बनवणाऱ्याची आहे. पेडल इतकं रुंद करायचं कारण काय?

व्हिडिओ डिलीट केला. दाखवायचा बेत रद्द. चहाही.

संकल्प : डाव्या पायाला वळण लावणे. हाताशी सहा दिवस आहेत.

बुधवार, १९ मार्च

पाय सीटखाली दुमडून चालवली. सात किलोमीटर क्रूझ टिकलं! आठव्याला पोटरीत गोळा आला. बाजूला थांबून अर्धा तास बसून होतो. प्रगती आहे.

गुरुवार, २० मार्च

सकाळी सहाला जावयाचा फोन. कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात नेतोय. पाच दिवस आधी! डॉक्टर तारखा देतात कशाच्या आधारावर?

बॅगा टाकल्या, मी स्टीअरिंगवर बसलो. पोटरी अजून दगड होती, गुडघ्याचं तर काय सांगावं. पहिल्या सिग्नलला ब्रेक मारताना तोंडातून आवाज निघाला. ही म्हणाली, "उतरा." आवाज मोठा नव्हता. मी उतरलो.

हिने हायवेला लागताच ऐंशीवर सेट केलं. हिरवा दिवा लागला, तो लागूनच राहिला. मी दिव्याकडे बघत होतो. दीडशे किलोमीटरनंतर म्हटलं, गॅरेजवाल्याने काम बरं केलंय.

ती म्हणाली, "तीन वर्षं स्कूटरवरून तुमच्या मागून येतेय. तुमचे ब्रेकचे दिवे सरळ रस्त्यावरही लागलेले असतात."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर भावाने शिकवलं म्हणाला असतात."

मग तिने गुडघ्याचं विचारलं. बर्फाचे ट्रे रिकामे का होतात, तेही विचारलं. टोलनाक्यापर्यंत मी झोपल्याचं दाखवलं.

पोहोचलो तेव्हा नात तासाभराची होती. लेक दमलेली, पण हसत होती. म्हणाली, "बाबा, शब्द पाळलात. एवढं अंतर तुम्हीच चालवलंत ना?"

मी म्हणालो, "म्हणजे काय!"

जावयाने हिच्याकडे पाहिलं, कारण गाडीची किल्ली हिच्या हातात होती. ही म्हणाली, "त्यांनीच चालवली. मी फक्त स्टीअरिंग धरून बसले होते."

सगळे हसले. नर्ससुद्धा. ही तेवढी हसली नाही. नुसतं बाळ माझ्या हातात दिलं आणि खुर्ची पुढे सरकवली, गुडघा वाकवावा लागू नये अशा बेताने.

ही का हसली नाही?