चार ठोके आणि खिडकीकडची खोली

मी, नुरतास झक्सिबेक, वय सव्वीस, कोळसा खाणीत छताला टेकू लावणारा कामगार, राहणार उत्तर वसाहत, इमारत अकरा, तिसरा मजला, करागांदाजवळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणताही आजार नाही. माझी शाळा नववीपर्यंतच झाली, म्हणून आधी कच्चे लिहून प्रत्येक शब्द तपासला आहे. येत्या सोमवारपासून आमची पाळी सातव्या भागात उतरणार आहे. तो भाग सतरा वर्षे बंद होता. माझे वडील आणि त्यांचे तीन सोबती आत राहिले, ते तिथेच.

कलम पहिले. दोन खोल्या व स्वयंपाकघर असलेले हे घर माझी धाकटी बहीण राउशान हिच्या मालकीचे व्हावे. वडिलांनी ते देश सोडून निघालेल्या एका जर्मन कुटुंबाकडून एक रंगीत टीव्ही आणि पिठाची दोन पोती देऊन घेतले होते. तेव्हा अर्धी इमारत रिकामी होती, घर फुकट दिले तरी कोणी घेत नसे. आज दलाल दर आठवड्याला फोन करतो. राउशान म्हणते, "दादा, आत्ता विकलं नाहीस तर शहरात मला जन्मात घर मिळायचं नाही. भाव थांबतात का कुणासाठी?" तिचे खरे आहे. तरीही पुढची अट मी घालत आहे. तिने मला क्षमा करावी.

कलम दुसरे. खिडकीकडची खोली माझे काका सागिन्दिक यांना हयातभर राहण्यासाठी द्यावी. ते असेपर्यंत घर विकू नये. नव्या खाणीसाठी बाहेरून माणसे आली तशी भाडी वाढली, आणि काकांच्या मालकिणीने ऑगस्टपर्यंत खोली रिकामी करायला सांगितले आहे. हे एक कारण.

दुसरे कारण असे. खाणीत अडकलेली माणसे पाइपावर ठोके देतात, जितके जिवंत तितके ठोके. पहिल्या दिवशी चार ऐकू आले. दुसऱ्या दिवशी पाइपाला कान लावून काका बसले होते. ते म्हणाले, "पाणी आहे. पाइपात पाणी वाजतंय." आत आग पसरत होती. त्यांच्या शब्दावर भिंत बांधून भाग बंद केला. ते चुकले की नाही हे कोणालाच ठाऊक नाही. त्यांनी खाण सोडली. आमच्याकडे येतात ते फक्त स्वयंपाकघरापर्यंत.

खिडकीकडच्या खोलीत, खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपात, चार ठोके येतात. थोडे थांबून पुन्हा चार. आईही ऐकत असे. वडिलांच्या हातोडीने मी उलट चार देतो, मग शांत होते. पाइपाखाली ठेवलेली ती हातोडी तिथेच राहावी. खोलीत जो राहील त्याने उत्तर द्यावे.

कलम तिसरे. आईची कढई राउशानला. शुक्रवारी शेल्पेकच्या सात पातळ पोळ्या तळाव्यात. तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो. आई एकट्या वडिलांचेच नाव घेई. राउशान, तू चौघांची नावे घे. कढईच्या तळाला नावांची चिठ्ठी चिकटवली आहे.

माझे हिवाळी बूट शेजारच्या तोलेगेनला. दलालाला काही नाही.

आज कागद पक्का करत असताना काका आले आणि स्वयंपाकघरात बसून म्हणाले, "साक्षीदार हवा ना? मी करतो सही. एवढं तरी कामाला येऊ दे."

"तुम्हाला चालणार नाही, काका. ज्याला काही मिळायचं असतं, त्याला साक्षीदार होता येत नाही."

त्यांनी चहाची वाटी खाली ठेवली. "काय मिळायचंय मला?"

मी खोलीकडे बोट केले. ते उठले, टोपी काढली आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या दारातून आत गेले. पाइपाजवळ उभे राहिले, पण हात लावला नाही.

"यात आत्ता पाणी असतं का रे?"

"नाही. मे महिन्यातच काढून टाकतात. ऑक्टोबरपर्यंत पाइप कोरडा असतो."

काका खाली बसले आणि त्यांनी पाइपाला कान लावला. त्यांना काही ऐकू आले का, ते मी विचारले नाही. त्यांनी हातोडी उचलून चार ठोके दिले, एवढे मी पाहिले.

कलम दुसऱ्यातले शेवटचे, उत्तर देण्याचे वाक्य मी खोडणार होतो. ते तसेच ठेवत आहे.

वरील मजकूर माझा असून तो मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवला आहे.

सही: नुरतास झक्सिबेक

साक्षीदार: १. तोलेगेन (साक्षीदार होता यावे म्हणून वर लिहिलेले बूट त्याने नाकारले, तो तपशील रद्द समजावा) २. लिदिया पेत्रोव्ना, चौथा मजला. त्यांनी सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: "मलाही ऐकू येतं."

उत्तर वसाहत, १७ जून २०२३